दिव्याला न आलेली पाखरं

"ससाणा पतंग, करडा, नर, एक," पडदा म्हणाला.

हेमांगी रेडेकरने थर्मासमधला चहा झाकणात ओतला. वर तिने पाहिलंसुद्धा नाही. पूर्वी असं एखादं पाखरू आलं की धावपळ उडायची. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने पट्टी, तिसऱ्याने वहीत लिहायचं, आणि सकाळी लिहिणाऱ्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. आता दोन बांबूंना ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडाच्या धाग्याधाग्यांत बारीक डोळे विणलेले होते. वरच्या दिव्याच्या ओढीने जो कीटक कापडावर उतरेल त्याचं नाव, नर की मादी, पंखांची लांबी आणि यायची वेळ हे सगळं कापड स्वतःच टिपायचं आणि हलक्या आवाजात सांगायचं. सगळे त्याला मोजपडदा म्हणत. कारखान्याने दिलेलं लांबलचक नाव फक्त खोक्यावर उरलं होतं.

माणसाला एकच काम राहिलं होतं, सही करायचं. निशावन कायद्यात तसं लिहिलेलंच होतं की मोजणी यंत्राने करावी आणि साक्ष माणसाने द्यावी. ज्या रानात रात्री उडणारे ठरावीक मोठे पतंग सापडतात ते रान निशावन. तिथे दिवा लावायचा नाही, रस्ता न्यायचा नाही, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. पण सलग तीन हंगाम त्या रानाचा खूण-पतंग एकदाही आढळला नाही, तर दर्जा गेला. झांजवडच्या पठारावरच्या रानाची खूण होती अ‍ॅटलास पतंग. पंख पसरले की माणसाचे दोन पंजे शेजारी ठेवावेत एवढा, आणि पंखांच्या टोकांना नागाच्या फणीचा आकार. म्हणून गावात त्याला फणीपाखरू म्हणत.

दोन हंगाम शून्य लागलं होतं. आज तिसऱ्या हंगामाची शेवटची रात्र होती, भाद्रपदाची अमावास्या. पठाराच्या खालच्या अंगाला नव्या जलविद्युत प्रकल्पाची भिंत दोन वर्षांपासून बांधून तयार होती. तिच्यामागे पाणी साठवायचं तर हे रान बुडवावं लागणार होतं आणि रान बुडवायला या पडद्याचा होकार हवा होता. हेमांगीला हे सगळं ठाऊक होतं. एखादं तरी फणीपाखरू यावं असं तिला अगदी मनापासून वाटत होतं आणि म्हणूनच ती चहाच्या झाकणाकडे बघत बसली होती.

नऊ वाजता हिंदुराव चौगले वर आले. हातात बायकोने, सखूबाईंनी, भरून दिलेला स्टीलचा डबा होता. हेमांगी बावीस वर्षांची असताना पहिल्यांदा या डोंगरावर आली, तेव्हा दिव्याचं जनित्र खांद्यावर घालून इथवर आणणारे हेच. तेव्हा ते तिला 'ताई' म्हणत. पुढे ती डॉक्टर झाली, तिची 'बाई' झाली. ती मात्र त्यांना तेव्हाही मामा म्हणायची आणि आताही.

"म्हाळ होता आज घरात," डबा उघडत ते म्हणाले. "वडं हायत, खीर हाय. आदी खावा."

तिने वडा मोडला. पडद्याने तेवढ्यात दोन चंद्रपतंग आणि एक भुंगेरा मोजला.

"बाई, फणीपाखरू हाय," हिंदुराव म्हणाले. "रानात हाय. दिव्याला याचं तेवढं सोडलंय त्येनी."

"मामा, दरवर्षी तुम्ही हेच म्हणता."

"औंदा बघितलंय. सखूला जळणात कोश गावला. परवा त्यातनं मादी निघाली. सखूनं कोंबड्याच्या डालग्याखाली झाकून ठेवली पडवीत. दिवा न्हाई, काय न्हाई, काळाकुट्ट अंधार. रातच्याला चार नर आलं वो. डालग्याला भाइरनं चिकटून बसलं हुतं. ती पंखांची फणीवानी टोकं हाताला लागली माज्या."

हेमांगीचा हात थांबला. मादीच्या अंगातून सुटणाऱ्या वासाला त्यांच्या शास्त्रात सादगंध म्हणतात. तो वाऱ्यावर कोसभर जातो आणि नर त्या मागावर येतात. फणीपाखराला तोंड नसतं. कोशातून बाहेर पडल्यावर ते काही खात नाही, जेमतेम आठवडाभर जगतं, आणि त्या आठवड्यात त्याला एवढं एकच काम असतं. हिंदुराव सांगत होते ते अगदी खरं असू शकत होतं.

"फोटो काढला?"

"अंधारात कसला फोटू. दिवा लावला आसता तर गेलं आसतं न्हवं ते."

"मग मी काय दाखवू, मामा? आणि मादी ठेवून बोलावलेले नर धरत नाहीत. नियमच आहे तसा."

हा नियम तिनेच लिहिलेला होता. पाच वर्षांपूर्वी एका डोंगरावर कुणीतरी पाळलेली मादी जेवणाच्या डब्यात लपवून नेली होती आणि शेजारच्या खोऱ्यातले नर बोलावून आपल्या रानाला दर्जा मिळवला होता. ते उघडकीला आल्यावर एक समिती बसली. हेमांगी तिची अध्यक्ष होती. सगळीकडे एकच दिवा, एकच पडदा, एकच माप, बाकी कुठलाही पुरावा नाही, असं तिने आग्रहाने मांडलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला त्या अहवालाचा अभिमान होता.

"न्हाई धरलं तर न्हाई," हिंदुराव म्हणाले. "तुमी आपल्या डोळ्यानं तर बघा. मादी आज बी हाय डालग्याखाली. उतरून जायाला एक तास. बघा आन् मग करा सही."

"दिवा जळत असताना साक्षीदाराने जागा सोडायची नाही. सोडली तर रात्र बाद होते."

"हू द्या की बाद."

"तीन हंगामांची मोजणी एका रात्रीपायी बाद करू? वर काय सांगू, डालगं बघायला गेले होते?"

हे ती हसून म्हणाली. हिंदुरावही थोडं हसले. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"आज दुपारी घास ठिवला वळचणीवर," ते म्हणाले. "कावळा शिवंना. तासभर बसलो हात जोडून. दोन वाजलं, कावळा न्हाई. मग काय, गावातलं कावळं संपलं म्हणून सही करू व्हय मी?"

बोलणं तिला पटलं होतं, पण पटलेलं मान्य करायला पायाखाली जागा नव्हती. सूर्योदयापासून तासाभरात सही गेली पाहिजे होती. ती पाठवली की खाली जाऊन येऊ, असं तिने मनाशी ठरवलं.

पडदा रात्रभर बोलत होता. पहाटे तिने दिवा मालवला आणि रिवाजाप्रमाणे पडदा हलकेच झटकला. तसं केलं नाही तर कापडावर सुस्तावलेले पतंग उजाडताच कोतवाल पक्ष्यांच्या तोंडी पडतात. मग तिने पडद्याच्या काठावरच्या सहीच्या पट्टीवर बोट टेकवलं. अ‍ॅटलास, तिसरा हंगाम, बारा रात्री, शून्य. जीप आलेलीच होती. दुपारी पुण्यात बैठक होती. खाली जाणं राहून गेलं.

जानेवारीतल्या एका दुपारी हिंदुराव कोल्हापूरच्या संस्थेत आले. ते आजवर कधीच आले नव्हते. दारातल्या माणसाने फोन करून विचारलं की पोतं घेऊन कुणी म्हातारा आलाय, आत सोडू का. हेमांगी स्वतः खाली गेली.

एस.टी.च्या प्रवासात त्यांनी ते पोतं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. तिच्या टेबलावर ठेवलं तेही दोन्ही हातांनी. सुतळी सोडली. आत वाळक्या पानांत गुंडाळलेले तपकिरी कोश होते, मुठीएवढे, कागदासारखे चिवट. तिने एक उचलून कानाशी हलवला. आत जड काहीतरी हललं. जिवंत होता.

"तोडणी झाली," हिंदुराव म्हणाले. "दालचिनीची झाडं आडवी करून फांद्यांच्या राशी लावल्यात. म्हंत्यात, पेटवून देनार. सखू आन् म्या आठ दिस येचत हुतो. लई फांद्या ट्रॅक्टरनं नेल्या, त्यातलं ऱ्हायलंच. ह्ये तीनशे सात."

"तीनशे सात," ती म्हणाली.

"मोजून आनलं. तुमाला आकडा लागतुया न्हवं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी खरोखरच तिची सोय बघितली होती. चार शिव्या हासडल्या असत्या तर हेमांगीला बरं वाटलं असतं. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं, आणि आपण रडतोय याची तिला लाज वाटली, कारण ज्याचं रान गेलं होतं तो माणूस समोर कोरड्या डोळ्यांनी उभा होता.

"मामा, त्या रात्री मी यायला पाहिजे होतं."

"व्हय," हिंदुराव म्हणाले. "याला पायजे हुतं."

त्यांनी चहा घेतला आणि चारच्या गाडीने ते परत गेले. संस्थेच्या मागे एक जाळीघर होतं. त्यात दालचिनीच्या फांद्या उभ्या करून हेमांगीने एकेक कोश दोऱ्याने टांगला. सगळे टांगायला तिला तीन दिवस लागले. तिने ते काम दुसऱ्या कुणालाही करू दिलं नाही.

जूनच्या शेवटी पहिले पतंग बाहेर पडू लागले. नौशाद मुजावर त्याच आठवड्यात तिने बोलावलं म्हणून सांगलीहून आला. मोजपडद्याचे डोळे त्यानेच बनवलेले होते. त्याची आणि हेमांगीची ओळख वीस वर्षांची, म्हणून दोघं एकमेकांना अरेतुरे करत. शून्याची बातमी ऐकल्यापासून त्याला एकच शंका खात होती, की आपल्या पडद्याला फणीपाखरू ओळखता आलं नसावं. त्याने एक मेलेला पतंग पडद्यावर ठेवून पाहिला. पडद्याने तत्काळ नाव सांगितलं.

"डोळे ठीक आहेत," तो म्हणाला. "मग झालं काय?"

हेमांगीने त्याला एका लांबट खोलीत नेलं. खोली वीस पावलं लांब होती. एका टोकाला तिने डोंगरावरचा तोच दिवा लावला, दुसऱ्या टोकाला काळोख ठेवला. मधोमध झांजवडचे वीस नर सोडले. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. पतंग पंख थरथरवत गरम झाले, एकेक करून उडाले, आणि विसांतले अठरा काळोख्या टोकाला जाऊन बसले. दोन जागचे हललेच नाहीत. दिव्याकडे एकही गेला नाही.

मग तिने दुसरी जाळी उघडली. त्यात पार पूर्वेकडच्या, अजून वीजही न पोचलेल्या एका डोंगरातून आणलेले सहा नर होते. ते सहाही दिव्यावर जाऊन आपटले.

नौशाद खाली बसला. "दिव्याला भुलत नाहीत हे," तो सावकाश म्हणाला. "दिवा टाळतात. हे यांना शिकवलं कुणी?"

"आपण. झांजवडच्या खिंडीत पंचवीस वर्षांपासून रिसॉर्ट आहे. हिंदुरावमामा सांगतात, तिथली झाडणारी बाई रोज सकाळी दिव्यांखाली मेलेली पाखरं टोपलीने भरून टाकायची. जी दिव्याकडे जायची ती मेली. ज्यांना उपजतच दिव्याची ओढ कमी, ती वाचली, त्यांना पिल्लं झाली. पंचवीस वर्षं म्हणजे यांच्या पन्नासएक पिढ्या. तेवढ्यात रानात फक्त दिवा टाळणारेच उरले. आणि मग आपण दिवा घेऊन त्यांना शोधायला गेलो."

"माझा पडदा खोटं बोलला नव्हता, एवढं तरी म्हण."

"नाही बोलला. त्याने एवढंच सांगितलं होतं की दिव्याला आलं नाही. रानात नाही हे मी सांगितलं. सही माझी आहे."

नौशादने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्याचा स्वभाव हिशेबी नव्हता, पण आकड्यांचा त्याला नाद होता. त्याने सगळ्या पडद्यांच्या नोंदी असलेली पाटी खिशातून काढली. राज्यात एकशे चाळीस डोंगरांवर मोजपडदे लागत होते. त्यांखेरीज आणखी त्रेचाळीस रानांचा दर्जा गेल्या चार वर्षांत शून्यापायी गेला होता.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "सगळीच चूक असतील असं नाही. काही ठिकाणी खरंच संपलं असेल."

"कुठे संपलं आणि कुठे नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

"तेच म्हणतोय मी. हे तू उघड केलंस की प्रकल्पवाले काय म्हणतील माहीत आहे? म्हणतील, शून्य सिद्ध करताच येत नसेल तर हा कायदा हवाच कशाला. ज्या कायद्यात रान कधी हरूच शकत नाही तो कुणी ठेवत नाही. आज त्रेचाळीस गेली आहेत, उद्या सगळी जातील. आणि तू ज्या समितीची अध्यक्ष होतीस त्याच समितीचा अहवाल तुझ्यापुढे धरतील."

"धरू देत."

"विचार कर."

"त्या रात्री विचारच केला होता, नौशाद. नियमाचा, बैठकीचा, तीन हंगामांच्या मेहनतीचा. भरपूर विचार केला. एक तास डोंगर उतरायचा तेवढा राहिला."

तिने प्रतिज्ञापत्र केलं. माझी सही चुकीची आहे, माझा नियम चुकीचा आहे, आणि दिव्याला न आलेला पतंग रानात नाही असं यापुढे कुठेही धरू नये, अशी तीन वाक्यं त्यात होती. बाकी सगळं पुरावे. उत्तर पाच आठवड्यांनी आलं. मुद्दा अभ्यासगटाकडे सोपवला आहे, चालू हंगामाची मोजणी प्रचलित पद्धतीनेच पूर्ण करावी. समितीवरून तिचं नाव काढलं होतं. नौशादला वाटलं होतं तसा गदारोळ काही झाला नाही. दोन वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी दिल्या. ज्यांनी दर्जा गमावला होता त्यांतल्या तीन गावांनी तिला पत्रं लिहिली. एका पत्रात फक्त 'आता काय उपयोग' एवढंच होतं. ते तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

दरम्यान जाळीघरात पतंग निघतच होते. काही जोड्या तिने ठेवून घेतल्या, त्यांची अंडी फुटली, अळ्या पानं फस्त करू लागल्या. तिथे त्यांनी वर्ष-दोन वर्षं तग धरला असता. पण जाळीघर म्हणजे रान नव्हे, आणि हिंदुरावांनी फोनवर सांगितलं होतं की वर अजून एक पट्टा शिल्लक आहे.

पट्टा खरोखर होता. धरणात पावसाचं पाणी चढून पठार बुडालं होतं. पाण्याच्या काठाने नवा रस्ता गेला होता, आणि रस्ता व पाणी यांच्यामध्ये दालचिनीची पन्नास-साठ झाडं कुणाच्या तरी हयगयीने तोडायची राहून गेली होती. हेमांगीने आधी येऊन पाहणी केली. रस्त्यावर खांब उभे होते, पण त्यांना अजून वीज जोडलेली नव्हती. दिवाळीनंतर उद्घाटन आहे, तेव्हा लागतील, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तोवर एक पिढी तरी इथे अंडी घालून जाईल, कोश झाडावर लागतील, आणि कोश दाखवले की पट्टा वाचवायला तोंड तरी उघडता येईल, असा तिचा हिशेब होता.

श्रावणातल्या अमावास्येला ती जीपमधून बारा माद्या आणि एकसष्ट नर घेऊन आली. हिंदुराव आणि सखूबाई आधीच येऊन थांबले होते. सखूबाई हेमांगीशी फारसं बोलायच्या नाहीत. आज त्यांनी तिच्या हातातून माद्यांची जाळी घेतली आणि एकेक मादी फांदीला अशी बसवली की जणू वर्षानुवर्षं त्या हेच करत आल्या होत्या. अंड्यांनी जड झालेल्या माद्या बसवल्या तिथेच बसून राहिल्या. अंधार पडला. हेमांगीने पडदा आणलाच नव्हता, दिवाही नव्हता. नरांच्या जाळ्या तिने झाडांखाली उघडल्या आणि तिघं खाली बसली.

पंख थरथरल्याचा आवाज येऊ लागला. मोठ्या पाखराचा आवाज वेगळा असतो, वाळकी पानं कुणी हातांत चोळावीत तसा. एक नर हेमांगीच्या गालाजवळून गेला. वरच्या फांदीवर मादीपाशी तो उतरला असावा, कारण सखूबाई हळूच म्हणाल्या, "बसला." पुढे थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आनि एक." हेमांगीच्या छातीवरचा दगड वर्षभरात पहिल्यांदा जरा हलला.

आणि रस्त्यावरचे दिवे लागले.

सगळे एकदम लागले, भिंतीपासून वळणापर्यंत, पांढरेफेक. झाडांचं पान न पान दिसू लागलं. हिंदुराव उठून रस्त्याकडे धावले. वर कुणीतरी चाचणी घेत होतं. त्यांचं बोलणं हेमांगीला ऐकू येत होतं. बंद करा, दोन तास बंद करा, पाया पडतो. तो माणूस म्हणत होता की कळ साहेबांच्या खोलीत आहे, साहेब सकाळी येतील.

झाडांत उजेड भरला तसे नर उठले. रस्त्याकडून उजेड येत होता, म्हणून त्यांनी रस्त्याकडे पाठ केली. काळोख एकाच बाजूला होता आणि तिथे पाणी होतं. ते एकामागून एक तिच्या डोक्यावरून पाण्यावर गेले. काठापासून दहा-बारा हातांपर्यंत त्यांचे तांबूस पंख उजेडात दिसत होते, पुढे दिसत नव्हते. पलीकडचा काठ दीड किलोमीटरवर होता आणि त्यावर एकही झाड नव्हतं. हेमांगी पाण्यात गुडघाभर उतरली. का उतरली ते तिला सांगता आलं नसतं. हात वर करून ती उभी होती, जणू कुणाला थोपवून धरता येणार होतं.

हिंदुराव परत आले तेव्हा झाडांवर फक्त माद्या होत्या. सखूबाईंनी दोन माद्यांवर पदर धरला होता, उजेड लागू नये म्हणून.

"किती गेलं, बाई?" हिंदुरावांनी विचारलं.

"दिसलं नाही."

"काय ऱ्हायलं बी आसतील."

"असतील."

"मग काय लिवनार?"

ती पाण्यातून बाहेर आली आणि ओल्या गवतावर बसली. दिव्यांभोवती हजारो बारीक कीटकांचे ढग जमले होते. खांबांच्या बुंध्याशी त्यांचा सडा पडायला सुरुवातही झाली होती. ते सगळे मोजता आले असते. मोजायचं होतं ते मात्र काळोखात होतं, आणि काळोखात मोजायची एकही रीत तिच्यापाशी नव्हती. आजवर ती ज्याला न मोजलेलं म्हणायला हवं होतं त्याला नसलेलं म्हणत आली होती. एवढी साधी गोष्ट कळायला तिला एक रान द्यावं लागलं.

"काही लिहिणार नाही, मामा," ती म्हणाली. "माहीत नाही असं लिहिता येतं का बघते. त्या कागदात तशी जागाच नाही."

आज अमावास्या होती. राज्यातल्या एकशे चाळीस डोंगरांवर या घटकेला पडदे बांधलेले होते, दिवे लागलेले होते. प्रत्येक पडद्यासमोर खुर्ची टाकून एकेक माणूस बसला होता, प्रामाणिकपणे, डोळ्यांत तेल घालून, सकाळी सही करायला. त्या सगळ्यांची तोंडं उजेडाकडे होती. त्यांच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, आज रात्री कोण कोण बसलं होतं?